जावयाच्या दारचं अन्न

आमच्या ह्यांचं नाव भिवा. तोंडाने घ्यायचं नाही असा आमच्यात रिवाज. कागदावर लिहायचं नाही असं मात्र मला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून एकदा लिहून मोकळी झाले. यापुढे हे म्हणजे हेच.

ह्यांनी ठाण्याच्या तुरुंगात सव्वीस वर्षं चाकरी केली आणि जमादार होऊन घरी बसले. नातवंडांना वाटतं, आजोबा कमरेला पट्टा बांधूनच जन्माला आले. पहिल्याच तीन महिन्यांत ती चाकरी जाता जाता राहिली हे त्यांना ठाऊक नाही. घालवायला निघाली होती माझी सख्खी आई. तीही वाईटपणाने नाही, रीत पाळायला गेली म्हणून.

राणी सरकारच्या जुबिलीच्या आदल्या सालची गोष्ट. माझं सासर कळव्याच्या बाजूला, खाडीला लागून. मिठागर एक आणि भाऊ दोन. थोरले दीर राघो बांधावर उभे राहून हुकूम सोडायचे आणि हे चिखलात उभे राहून ऐकायचे. ह्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, धिप्पाड अंग आणि आवाज. ह्यांनी बांधावरून हाक मारली की शेजारच्या गावातली कुत्री उठून बसायची.

तो आवाजच कामाला आला. तुरुंगाच्या स्वैंपाकाला लागणारी मिठाची गोण घेऊन हे होडीने ठाण्याला गेले होते. फाटक बंद होतं, म्हणून ह्यांनी आपली बांधावरची हाक दिली. आत अंगणात जेवायला बसलेले कैदी हातातला घास टाकून रांगेत उभे राहिले म्हणे. जेलर गोपीनाथराव स्वतः बाहेर आले. पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं, चाकरी कोणाची करतोस. हे म्हणाले, भावाची.

"सरकारची करशील का? सरकार भावापेक्षा कमी ओरडतं."

हे हो म्हणून आले. घरी कळल्यावर राघो दीर साऱ्या गावासमोर बोलले, की मिठातला माणूस बाहेर ठेवला की विरघळतो, होळीला हा परत बांधावर आला नाही तर माझं नाव बदला. तेव्हापासून नुसत्या चाकरीचा प्रश्न राहिला नाही. परत जायचं म्हणजे जन्मभर त्या बांधाखाली मान घालून उभं राहायचं.

पहिले तीन महिने कच्ची चाकरी. त्यात काही चुकलं नाही तर पक्की, आणि पक्की झाली की शिपायांच्या चाळीत एक खोली. तोवर आम्ही चेंदणीला एका कोळणीच्या पडवीत राहिलो. डोक्यावर सुक्या बोंबलांची माळ, खाली आमचं अंथरूण. मी रोज त्या खोलीची स्वप्नं पाहायची.

रुजू झाले त्या दिवशी गोपीनाथरावांनी नेम वाचून दाखवले. शेवटचा नेम असा, की शिपायाच्या नात्यातलं कोणी कैदी होऊन आत आलं तर त्याने त्याच दिवशी जेलरला सांगावं. हे हसले. आमच्या नात्यात चोर कुठला, म्हणाले. माझ्या आईची त्यांना आठवण झाली नाही.

मग बूट. मिठागरातला पाय हा पाय नसतो, फावडं असतं. सरकारने दिलेल्या बुटात ह्यांची अर्धी पावलं जायची आणि अर्धी बाहेर राहून निषेध करायची. चांभाराने दोन्ही बाजू उसवून दिल्या तेव्हा कुठे टाचा टेकल्या. हे बूट गळ्यात अडकवून फाटकापर्यंत जायचे, तिथे घालायचे. घरी आले की मी समोर बसून ओढायची. एकदा बूट एकदम सुटला आणि मी बुटासकट चुलीपाशी जाऊन पडले. कोळीण म्हणाली, नवऱ्याने मारलेला बूट पुष्कळ पाहिला, बायकोने मागून घेतलेला पहिलाच.

दुसरी अडचण मोजणीची. सकाळ-संध्याकाळ कैद्यांची शिरगणती करायची असते. मिठाच्या पाट्या असोत की धान्याचे मापटे, आमच्याकडे पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. ह्यांनी पहिल्या दिवशी कैदी तसेच मोजले. त्यांच्यावरचा हवालदार धोंडीबा, घाटावरचा, पलटणीतून आलेला. त्याने विचारलं, हा लाभ नावाचा कैदी कुठला, माझ्या यादीत नाही. सगळी रांग हसली. हे घरी येऊन एक म्हणायला शिकायचे. मी मडकी मांडायची आणि हे मोजायचे. पहिल्या मडक्याशी येऊन ह्यांची जीभ अडायची, जसा बैल पुलाशी अडतो.

धोंडीबाचा एक भाचा ह्याच जागेवर डोळा ठेवून घाटावरून येऊन बसला होता. त्यामुळे धोंडीबा ह्यांच्या चुका लोणच्याच्या फोडींसारख्या जपून ठेवायचा. दर रविवारी मात्र त्याला दुसरं काम असे. गोपीनाथराव कल्याणला लेकीकडे जात, आणि धोंडीबा त्यांचा डबा आणि पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या घेऊन ठेसनापर्यंत जाई. साहेबांना कल्याणचं पाणी जड पडतं, असं तो सर्वांना सांगे. आम्हालाही ते खरं वाटे.

आता माझी आई. ठमाबाई तिचं नाव, राहणारी दिवा गावच्या बाजूची. खाजणात उन्हाने पाणी आटलं की चिखलावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. तो खरवडून नेणं हा गुन्हा, कारण ते मीठ सरकारचं. आईला हे कोणी दहा वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, खाडी काय सरकारच्या आजीने खणली? माघात लोणच्यापुरतं मीठ खरवडताना मीठ खात्याच्या शिपायाने तिला धरलं. तिने पाटी सोडली नाही, म्हणून त्याने पाटीसकट आणली. कल्याणच्या कोर्टात साहेब म्हणाले, दंड भर नाहीतर पंधरा दिवस साधी कैद. आई म्हणाली, दंड बाहेरून आणावा लागेल, दिवस माझे घरचेच आहेत.

आईबद्दल एक सांगायला हवं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईबापाने घ्यायचं नाही ही आमची रीत. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तेवढ्यात आई चार वेळा माझ्याकडे आली आणि चारही वेळा शेजारणीच्या माठातलं पाणी पिऊन गेली. मी भाकरी करून ठेवायची, ती नुसती वास घेऊन सांगायची, की चांगली झालीय.

सोमवारी सकाळी पोलीस तिला घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी आला तेव्हा फाटकावर हे होते. निळा डगला, पट्टा, उसवलेले बूट. आईने जावई पाहिला आणि जे कोणतीही सासू करते तेच केलं. डोक्यावर पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवून बाजूला उभी राहिली. ह्यांनीही जे कोणताही जावई करतो तेच केलं. पाया पडायला वाकले. अर्ध्यात त्यांना बाजूचा धोंडीबा दिसला, म्हणून तसेच वाकलेले राहून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी आधीच बांधलेली होती. ह्यांनी ती सोडली आणि परत बांधली. तोवर आई आत गेली.

नेमाप्रमाणे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ह्यांनी सांगितलं नाही. पक्कं व्हायला अकरा दिवस उरले होते आणि आईची सुटका पंधराव्या दिवशी. शिवाय सासू तुरुंगात आहे हे जावयाने कोणत्या तोंडाने सांगायचं? मला येऊन म्हणाले, चार भिंतींच्या आत आहे, कोणाला कळतंय. मी म्हटलं, माझी आई चार भिंतींच्या आत आजवर कधी मावलेली नाही.

झालं तसंच. बायकांच्या कोठडीवर कमळाबाई नावाची रखवालदारीण होती. आतली किल्ली तिच्याकडे, बाहेरच्या दाराची ह्यांच्याकडे. भाकऱ्यांची टोपली हे दारापर्यंत नेत आणि कमळाबाई आत वाटे. सोमवारी आई जेवली नाही. कमळाबाईला म्हणाली, आज सोमवार, माझा उपास. मंगळवारी जेवली नाही; त्या दिवशी अंगारकी होती, तेही खपलं. विहिरीचं पाणी तेवढं स्वतः शेंदून पीत होती. बुधवारी कमळाबाईने विचारलं, आज कोणता देव? आईने पुष्कळ आठवून पाहिलं, पण बुधवारी तिला देव मिळेना. मग ती म्हणाली, इथलं मला चालत नाही.

कमळाबाईने हे ह्यांना येऊन सांगितलं. जेवायला नकार देणं हाही तुरुंगात गुन्हाच असतो आणि त्याची वर्दी द्यावी लागते. दुपारी टोपली घेऊन हे दाराशी गेले. आता जावई सासूशी तोंडाला तोंड देऊन कसं बोलणार? हे टोपलीकडे बघून म्हणाले, की माणसाने जेवावं, हे काही कोणाच्या घरचं नाही, सरकारचं आहे. आई दाराच्या आड होती. तीही टोपलीलाच बोलली.

"भाकरी कोनी आनली? जावयानं. दाराची किल्ली कोनाच्या कमरेला? जावयाच्या. मंग घर कोनाचा?"

"सरकारचं," हे टोपलीला म्हणाले.

"सरकार मना कुठं दिसला नाय. मना जावय दिसतो."

कमळाबाई मध्ये उभी राहून सगळं ऐकत होती. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, की माझे कान दुपारी बंद असतात. भली बाई. पण वर्दी द्यावी लागलीच, कारण टोपलीतली भाकरी तीन दिवस परत जाताना धोंडीबा बघत होता.

चार वाजता आईला जेलरच्या कचेरीत उभं केलं. एका बाजूला कमळाबाई, दुसऱ्या बाजूला धोंडीबा, दाराशी हे. गोपीनाथरावांना वाटलं, भाकरीबद्दल तक्रार असेल. त्यांनी शांतपणे विचारलं, बाई, तुला हवंय तरी काय.

आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मना सक्तमजुरी पायजे."

गोपीनाथरावांनी चष्मा काढून पुसला. सक्तमजुरी कमी करा म्हणून रडणारे त्यांनी शेकडो पाहिले होते. त्यांनी समजावलं, की तुला साधी कैद आहे, तुला काम नाही, बसून जेव. आई म्हणाली, बसून जेवणार नाही. दळण द्या, पाणी भरायला द्या, अंगण सारवायला द्या. आधी राबेन, मग खाईन. राबून खाल्लं की ते अन्न माझं, कोणाच्या दारचं नाही. कोणाच्या दारचं म्हणजे कोणाच्या, असं साहेबांनी विचारल्यावर मात्र तिने ओठ मिटले. जावयाची चाकरी तिच्या जिभेवर आहे हे तिला पक्कं कळत होतं. तीन दिवस पोटात काही नव्हतं, तरी ती बोलली नाही.

धोंडीबा म्हणाला, साहेब, बाई वेडी आहे नाहीतर बनेल आहे, दोन्हीवर एकच औषध, हिला वेगळ्या कोठडीत एकटी ठेवा, उद्या आपणच जेवेल. गोपीनाथरावांनी दौतीत टाक बुडवला. हुकूम लिहिणार, एवढ्यात ह्यांनी तोंड उघडलं. हळू बोलायचं होतं, पण आवाज तो बांधावरचाच.

"साहेब, ती माझी सासू आहे."

बाहेर अंगणातले कैदी उठून रांगेत उभे राहिले म्हणे. हे कमळाबाईने सांगितलेलं, आणि तिचे कान चारनंतर उघडे असायचे.

मग ह्यांनी सगळं सांगून टाकलं. सोमवारची नाडी, टोपलीशी बोलणं, लग्नाला झालेली तीन वर्षं. धोंडीबाच्या मिशा हळूहळू वर चढत होत्या. त्याचा भाचा जणू आताच आत येऊन पट्टा बांधणार होता. गोपीनाथराव ऐकत राहिले. त्यांच्या मागच्या फळीवर तो फिरकीचा तांब्या ठेवलेला होता. त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"माझी लेक कल्याणला दिलीय," ते म्हणाले. "पाच वर्षं झाली. तिच्याकडे अजून पाळणा नाही. मीही पाणी घरून नेतो."

पाच वर्षं तो तांब्या वाहणारा धोंडीबा आपल्या पायांकडे बघू लागला. मिशा खाली आल्या.

पण गोपीनाथराव नेमाचेही पक्के. त्यांनी दोन हुकूम दिले. एक, कैदी ठमाबाई हिला तिच्या खुशीने दळणाचं काम द्यावं. दुसरा, फाटकावरच्या शिपायाने नातं तीन दिवस लपवलं, म्हणून त्याचे कच्चे तीन महिने आजपासून पुन्हा पहिल्यापासून मोजावे, आणि बायकांच्या दाराची किल्ली त्याच्याकडून काढून घ्यावी. धोंडीबा काही बोलणार होता. साहेबांनी त्याला सांगितलं, की रविवारपासून तांब्या मी स्वतः नेईन.

आईने त्या संध्याकाळी आधी तीन दिवसांचं मागचं दळण काढलं आणि मगच जेवली. पहिला घास घेऊन कमळाबाईला म्हणाली, मिठासाठी मला आत घातलं आणि आमटीत मीठच नाही. पुढचे दिवस ती लेकीच्या घरी आल्यासारखीच वागली. जातं नीट टाकी लावून घेतलं. कोनाड्यातली कोळिष्टकं काढली. पीठ जाडं का, सरपण ओलं का, विहिरीचा दोर कोणी वळला, असं सगळ्यांना विचारत फिरायची. कमळाबाई मला म्हणाली, पंधरा दिवसांत मलाच सासुरवास झाला.

सुटकेच्या दिवशी फाटकावर पुन्हा हेच होते. बाहेर जाणाऱ्याचं गाठोडं तपासायचा नेम. ह्यांनी गाठोडं हातात घेतलं आणि घामाघूम झाले. सासूचं गाठोडं जावयाने कसं सोडावं? शेवटी आईनेच ते जमिनीवर सोडलं आणि भिंतीला सांगितलं, की बघणाऱ्याने बघून घ्यावं, नाहीतर पुन्हा तीन महिने मोजतील. आत एक लुगडं, एक फणी आणि कमळाबाईने दिलेलं मूठभर पीठ निघालं. पिठाचं काय करावं ते ह्यांना कळेना. कमळाबाई आतून ओरडून म्हणाली, ते माझ्या वाट्याचं आहे, सरकारचं नाही.

होळी आली. हे बांधावर परत गेले नाहीत, पण पक्केही झाले नव्हते. राघो दिरांनी निरोप पाठवला, की मी होळी म्हणालो होतो, कोणत्या सालची ते म्हणालो नव्हतो. ते तीन महिने आम्ही दोघांनी श्वास धरून काढले. हे सगळ्या चुलत-मावस नातेवाइकांना भेटून हात जोडून आले, की जे काय करायचं ते पावसाळ्यानंतर करा.

वैशाखात तीन महिने भरले. त्या सकाळी मोजणीला गोपीनाथराव स्वतः येऊन उभे राहिले. ह्यांनी छाती पुढे काढली आणि मडक्यांवर शिकलेलं ते अवघड अक्षर उच्चारलं, एक. साहेबांनी हात वर करून थांबवलं. आज पक्का झालास, ते म्हणाले, आज पहिल्याला लाभच म्हण. तेव्हापासून सव्वीस वर्षं ह्यांच्या रांगेतला पहिला कैदी लाभच राहिला. पुढे त्या जागेसाठी कैद्यांत भांडणं लागायची. धोंडीबाच्या भाच्याला पुढच्या साली जागा मिळाली, आणि त्याचे बूट पहिल्या दिवशी ह्यांनीच उसवून दिले.

चाळीतली खोली मिळाली. त्याच चाळीच्या ओट्यावर गोपीनाथरावांच्या धाकट्या लेकीने मला अक्षरं शिकवली; जोडाक्षरांपर्यंत आलो आणि तिचं लग्न झालं, म्हणून माझं लिहिणं असं.

खोलीत आठ दिवस झाले नसतील, तर आई आली. माझी कूस तेव्हाही रिकामीच होती. मी मुकाट्याने शेजारणीकडे पाणी मागायला निघाले. आईने गाठोडं खाली ठेवलं, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "दलन कुठाय गो?"

मी सूप भरून तांदूळ दिले. तिने जात्याशी बैठक मारली आणि सगळे दळून काढले. मग हात धुतले, पाणी मागितलं आणि माझ्या हातून तांब्याभर पाणी प्यायली. मी भाकरी वाढली, वर आमटी वाढली. तीन वर्षं वास घेतलेली भाकरी तिने मोडली. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी चुलीत लाकूड सारत बसले.

आईने पहिला घास खाल्ला आणि भिंतीला सांगितलं, की मीठ कमी आहे.

दाराशी बूट काढत बसलेले हे दुसऱ्या भिंतीला म्हणाले, "सरकारचं आहे. जपून घालतो."